आषाढीलाच बकरी ईद कशी आली? सण आणि इतिहास एका दिवसावर येण्याचा हिशोब

२०२२ साली आषाढी एकादशी १० जुलैला होती आणि बकरी ईदही १० जुलैलाच. २०२३ साली दोन्ही २९ जूनला. २०२४ च्या आषाढीला, १७ जुलैला, ईद नव्हती पण मोहरम होता. २०२५ मध्ये ६ जुलैलाही तसंच. कोल्हापूरकर वारीसाठी नंदवाळला (कोल्हापूरजवळचं प्रतिपंढरपूर) निघालेले आणि त्याच दिवशी शहरात दुसरा सण, असं चार वर्षं ओळीनं घडलं. हा योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा प्रकार नाही. पंचांग आणि हिजरी कॅलेंडर हातात घेतलं तर हे आधीच सांगता येतं, आणि २०२६ मध्ये ही जोडी का फुटते तेही सांगता येतं.

एका दिवसावर दोन गोष्टी का येतात, हे समजायला आधी तो 'दिवस' कोण मोजतंय ते बघावं लागतं. आपल्याकडे तीन मोजण्या एकदम चालतात. इंग्रजी तारीख सूर्याची, ३६५ दिवसांचं वर्ष. हिजरी कॅलेंडर निव्वळ चंद्राचं, १२ चांद्रमास म्हणजे साधारण ३५४ दिवस. आपलं पंचांग या दोघांच्या मधलं: महिने चंद्राचे, पण वर्ष सूर्याला बांधून ठेवलेलं. ३५४ आणि ३६५ मध्ये ११ दिवसांचा फरक पडतो. तो साठत साठत महिनाभराचा झाला, की पंचांगात एक अधिक महिना घालतात. सरासरीनं साडेबत्तीस महिन्यांनी एकदा. हिजरीत असं ठिगळ लावायला परवानगीच नाही, त्यामुळे तिथला प्रत्येक सण दरवर्षी ११ दिवस अलीकडे सरकत जातो.

आता आषाढीकडे या. आषाढ शुद्ध एकादशी म्हणजे अमावास्येनंतरची अकरावी तिथी. बकरी ईद म्हणजे जिलहिज महिन्याची दहावी तारीख, मोहरमचा मुख्य दिवस आशुरा तोही दहावाच. हिजरी महिना अमावास्येला सुरू होत नाही, चंद्रकोर डोळ्यांना दिसल्यावर सुरू होतो. अमावास्येनंतर कोर दिसायला एक संध्याकाळ, कधी दोन जातात. म्हणजे हिजरी पहिली तारीख बहुधा आपल्या शुद्ध द्वितीयेच्या दिवशी पडते. मग दहावी तारीख? शुद्ध एकादशी. एखाद्या दिवसाचा फरक पडतो (२०२१ साली आषाढी २० जुलैला आणि ईद २१ ला होती), पण गणित हेच. हिजरी महिन्याची दहावी ही कुठल्या ना कुठल्या शुद्ध एकादशीच्या अंगणातच उभी असते. प्रश्न फक्त एवढाच, की एकादशी कुठल्या महिन्याची.

ते ठरवतो अधिक महिना. दोन अधिक महिन्यांच्या मधल्या काळात पंचांग आणि हिजरी दोघंही बारा-बारा महिने चालतात, पायाला पाय लावून. म्हणून एकदा जोडी जमली की ती दोन-तीन वर्षं टिकते. २०२० मध्ये अधिक आश्विन होता, २०२३ मध्ये अधिक श्रावण. या दोघांच्या मध्ये आलेल्या तिन्ही आषाढींजवळ बकरी ईद. अधिक श्रावण आला आणि पंचांगाला एक महिना जास्त चालावं लागलं, तेवढ्यात हिजरी एक महिना पुढं गेली. म्हणून २०२४ आणि २०२५ च्या आषाढीला जिलहिजऐवजी त्याच्या पुढचा महिना मोहरम भेटला. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे. आषाढी २५ जुलैला जाते, तर मोहरम महिनाभर आधी, जूनच्या शेवटच्या आठवड्यात. जोडी सुटली. आषाढी आणि बकरी ईदचा हाच योग पुन्हा जमायला त्या काळापासून ३२-३३ वर्षं लागतात, कारण तेवढ्या काळात हिजरी सण सगळे ऋतू फिरून मूळ जागी येतो.

कुरुंदवाडच्या मशिदींमध्ये गणपती बसवण्याची जुनी रीत आहे. २०१८, २०१९ आणि २०२० अशी तीन वर्षं तिकडे गणपती आणि मोहरमचे पंजे एकाच वेळी होते. कारण वरचंच. २०१८ चा अधिक ज्येष्ठ गणपतीच्या आधी होऊन गेला होता आणि २०२० चा अधिक आश्विन गणपतीनंतर यायचा होता. मधल्या तिन्ही भाद्रपदांत मोहरम. त्यानंतर तो श्रावणात सरकला.

ईद-ए-मिलादचं गणितही असंच जुळतं. ती हिजरी महिन्याच्या बाराव्या तारखेला, म्हणजे आपल्या शुद्ध त्रयोदशीच्या आसपास. अनंत चतुर्दशी तिच्या दारातच. २०२३ साली २८ सप्टेंबरला दोन्ही एकत्र आले. विसर्जनाची मिरवणूक आणि जुलूस एकाच रस्त्यावर नकोत म्हणून जुलूस दुसऱ्या दिवशी निघाले, आणि राज्य सरकारनं २९ सप्टेंबरची सुटी जाहीर केली. पोलिसांना आणि मंडळांना बंदोबस्ताची अशी वर्षं आधीच ओळखता येतात. एक वर्ष जुळलं आणि मध्ये अधिक महिना नसला, की पुढच्या वर्षीही तीच कसरत.

तिथी म्हणजे तारीख नव्हे

तिथीचा आणि घड्याळातल्या चोवीस तासांचा थेट संबंध नाही. चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढं गेला की एक तिथी संपते. चंद्राचा वेग कमी-जास्त होतो, म्हणून तिथी कधी २० तासांत आटपते, कधी २६ तासांच्याही वर जाते. व्यवहारासाठी नियम असा: सूर्योदयाला जी तिथी चालू असेल ती त्या दिवसाची. एखादी तिथी सूर्योदयानंतर सुरू होऊन पुढच्या सूर्योदयाआधीच संपली तर तिला दिवसच मिळत नाही, तो क्षय. एकाच तिथीनं दोन सूर्योदय पाहिले तर ती वृद्धी. शिवाय प्रत्येक सणाचा स्वतःचा नियम असतो. कुणाला सूर्योदयाची तिथी लागते, कुणाला दुपारची, कुणाला चंद्रोदयाची. घरच्या भिंतीवरच्या दोन दिनदर्शिकांत सण वेगळ्या दिवशी छापलेला दिसला, तर दर वेळी छपाईची चूक नसते.

गावही मोजावं लागतं. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची, कोल्हापूर ७४ च्या थोडं पुढं. म्हणून आपला सूर्य घड्याळाच्या ३३ मिनिटं मागं असतो, नागपूरचा साधारण १४ मिनिटं. तिथी मात्र सगळीकडे एकाच क्षणी बदलते. तो क्षण नागपूरच्या आणि कोल्हापूरच्या सूर्योदयाच्या मधल्या मिनिटांत पडला, तर दोन्ही गावांत त्या दिवसाची तिथी वेगळी. असं क्वचित होतं, पण होतं.

दिवस कधी सुरू होतो, यावरही घोळ. इंग्रजी दिवस मध्यरात्री, हिजरी दिवस सूर्यास्ताला, आपला सूर्योदयाला. शिवराज्याभिषेक याचं उत्तम उदाहरण. महाराज सिंहासनावर बसले ते पहाटे, रात्रीच्या तीन घटिका उरल्या असताना. एक घटिका २४ मिनिटांची, म्हणजे सूर्योदयाला ७२ मिनिटं बाकी होती. पंचांगाच्या मते तो अजून शुक्रवारच, कारण शनिवारचा सूर्य उगवायचा होता. इंग्रजांच्या मते मध्यरात्रीच वार बदललेला, शनिवार ६ जून १६७४. जुन्या नोंदीत शुक्रवारची द्वादशी आणि आपण पाळतो ती ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, यात विरोध दिसतो तो असल्या कारणांनी. क्षण एकच आहे.

सूर्याचे सण आणि संक्रांतीचा गैरसमज

तारखेला चिकटून राहणारा कोल्हापूरचा उत्सव म्हणजे अंबाबाईचा किरणोत्सव. नोव्हेंबरात ९, १०, ११ आणि मग ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी. मावळतीची किरणं महाद्वारातून थेट गाभाऱ्यात येतात: पहिल्या दिवशी चरणांवर, मग कमरेपर्यंत, शेवटी मुखावर. याला तिथी लागत नाही, सूर्य कुठं मावळतो एवढंच लागतं. २१-२२ डिसेंबरला सूर्य दक्षिणेच्या टोकाला असतो. १० नोव्हेंबर त्याच्या ४१ दिवस आधी, १ फेब्रुवारी ४२ दिवस नंतर. जाताना ज्या बिंदूवर मावळला, येताना पुन्हा त्याच बिंदूवर. म्हणून वर्षातून दोनदा, आणि दर वर्षी त्याच तारखांना. किरणं पोहोचली नाहीत तर दोष ढगांचा, हवेतल्या बाष्पाचा किंवा वाटेतल्या बांधकामाचा. कॅलेंडरचा नव्हे.

संक्रांतही सूर्याचीच, पण ती १४ जानेवारीला कायमची खिळलेली नाही. ती सूर्याच्या मकर राशीतल्या प्रवेशाला मोजतात, राशी ताऱ्यांवरून मोजतात, आणि इंग्रजी वर्ष ऋतूंवरून. ताऱ्यांचं वर्ष आणि ऋतूंचं वर्ष यांत दर वर्षी सुमारे २० मिनिटांचा फरक. साधारण सत्तर वर्षांत संक्रांत एक दिवस पुढं सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म संक्रांतीचा हे अनेकांना माहीत असतं. त्यांची जन्मतारीख १२ जानेवारी १८६३. तेव्हा संक्रांत १२ ला होती, आता १४ ला, काही वर्षी १५ ला.

हाच हिशोब आणखी मागं न्या. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ला झाली आणि आज १४ जानेवारीला संक्रांत असते, म्हणून 'ऐन संक्रांतीच्या दिवशी पानिपत झालं' असं दरवर्षी फिरतं. १७६१ मधली संक्रांत ९-१० जानेवारीच्या आसपास होऊन गेली होती. लढाईचा दिवस पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२. मराठी मुलखावर संक्रांत कोसळली हे म्हणायला हरकत नाही, पण त्या दिवशी कुणाच्या घरी तिळगूळ नव्हता.

इंग्रजी तारीख म्हणजे पक्की, हा दुसरा गैरसमज

तिथी सरकते, तारीख मात्र ठाम, असं वाटतं. शिवकाळाच्या तारखा या बाबतीत चांगलाच चकवा देतात. १५८२ मध्ये युरोपातल्या कॅथलिक देशांनी जुलियन कॅलेंडर दुरुस्त करून ग्रेगोरियन घेतलं. इंग्रज मात्र १७५२ पर्यंत जुन्यालाच धरून बसले. त्या साली त्यांनी २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर केला. सतराव्या शतकात दोन्हींत १० दिवसांचा फरक होता. म्हणजे एकाच घटनेवर गोव्याच्या पोर्तुगीजांच्या पत्रात आणि सुरतेच्या इंग्रजांच्या पत्रात दहा दिवसांच्या अंतराची तारीख दिसू शकते, आणि दोन्ही बरोबर असतात.

महाराजांच्या जन्माची १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख जुलियन आहे. आजच्या पद्धतीनं तो दिवस १ मार्च १६३०. पडताळायचं कसं? वारावरून. कॅलेंडर बदललं तरी वारांची साखळी कधी तुटली नाही. १७५२ मध्येही २ सप्टेंबर बुधवार होता आणि १४ सप्टेंबर गुरुवार. जेधे शकावलीतली (शिवकाळातल्या घटनांची जुनी तिथीवार यादी) नोंद शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार अशी आहे. फोनच्या कॅलेंडरमध्ये १९ फेब्रुवारी १६३० उघडा: मंगळवार दिसेल. लगेच कुणी तारीख खोटी ठरवतं. फोन ती तारीख नव्या पद्धतीची धरतो, एवढीच गफलत. १ मार्च १६३० उघडा, शुक्रवार मिळेल. नव्या कॅलेंडरचं वेळापत्रक ४०० वर्षांनी हुबेहूब परत येतं, तेव्हा १ मार्च २०३० पाहिला तरी चालतो. तोही शुक्रवारच.

जुनी नोंद हातात आली तर क्रम असा ठेवावा. शकात चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ मिळवा, जानेवारीपासून फाल्गुनाच्या शेवटापर्यंत ७९. शके १५९६ चा ज्येष्ठ म्हणजे १६७४. शके १५५१ चा फाल्गुन म्हणजे १६३०, १६२९ नव्हे. इथं बरेच जण एक वर्ष चुकतात. मग वार जुळतो का बघा. शेवटी कागद कुणाचा आहे ते पाहा. इंग्रजांचा आणि १७५२ आधीचा असेल तर दिवस जुलियन, शिवाय त्यांचं वर्ष २५ मार्चला बदलायचं. १ जानेवारी ते २४ मार्चमधल्या घटनेवर त्यांनी आधीचं साल घातलेलं असतं. हा एक खड्डा दहा दिवसांच्या खड्ड्यापेक्षा वाईट, कारण यात अख्खं वर्ष जातं.

म्हणून वर्षात तीन शिवजयंत्या दिसतात. २०२५ चंच घ्या: सरकारी १९ फेब्रुवारीला, फाल्गुन वद्य तृतीयेची १७ मार्चला, आणि वैशाख शुद्ध द्वितीयेची २९ एप्रिलला. तिसरी जुन्या मतावर, शके १५४९ या जन्मसालावर उभी आहे. कोल्हापूरच्या पेठांमध्ये ती अजून जोरात होते, अक्षय तृतीयेच्या तोंडावर. पहिल्या दोन एकाच जन्मदिवसाच्या दोन मोजण्या आहेत. तिसरीचं जन्मसालच वेगळं. या वादात सगळ्यांना एका मापानं मोजलं जातं, ते बरोबर नाही.

चैत्र पौर्णिमा

चैत्र पौर्णिमेला वाडी रत्नागिरीवर, म्हणजे जोतिबाच्या डोंगरावर, जोतिबाची यात्रा, सासनकाठ्या, गुलाल, चांगभलं. गावोगावी पहाटे हनुमान जन्म. आणि शके १६०२ च्या याच तिथीला, शनिवारी, रायगडावर शिवाजी महाराजांचं निधन झालं. ३ एप्रिल १६८०. आजच्या पद्धतीनं १३ एप्रिल. २०२५ ची चैत्र पौर्णिमा १२ एप्रिलला होती आणि वारही शनिवार. पंचांग साडेतीनशे वर्षांनी कुठं येऊन थांबलं ते बघा, एका दिवसाच्या फरकावर. तारखेनं ३ एप्रिल पाळणारा मात्र नऊ दिवस आधीच मोकळा झाला होता.

गुड फ्रायडेही याच चंद्राच्या मागं असतो. २१ मार्चची किंवा त्यानंतरची पहिली पौर्णिमा, तिच्यानंतरचा पहिला रविवार ईस्टर, त्याच्या आधीचा शुक्रवार गुड फ्रायडे. म्हणून तो कधीच पौर्णिमेपासून लांब जात नाही. २०२६ मध्ये हनुमान जयंती २ एप्रिलला आणि गुड फ्रायडे दुसऱ्याच दिवशी, ३ एप्रिलला.

निवडलेले दिवस, चुकलेले दिवस, नुसते योगायोग

काही जोड्या कॅलेंडरनं घडवलेल्या नसून माणसांनी मुद्दाम जुळवलेल्या असतात. राज्यघटना २६ नोव्हेंबर १९४९ ला स्वीकारली गेली, पण अंमल २६ जानेवारीपर्यंत थांबवला, कारण १९३० साली त्या दिवशी पूर्ण स्वराज्य दिन पाळला होता. १५ ऑगस्ट माउंटबॅटनांनी निवडला तो १९४५ च्या जपानच्या शरणागतीचा दिवस म्हणून. अरविंद घोषांचा जन्मही १५ ऑगस्टचा, १८७२ चा. तो मात्र निव्वळ योग.

शाहू महाराजांच्या बाबतीत कोल्हापुरात दोन तारखा अजून एकमेकींत मिसळतात. पूर्वी त्यांची जयंती २६ जुलैला व्हायची. संशोधकांनी जन्मतारीख तपासल्यावर २६ जून १८७४ मान्य झाली, आणि आता हा दिवस सामाजिक न्याय दिन म्हणून पाळतात. पण २६ जुलै रिकामा झाला नाही. १९०२ साली याच तारखेला करवीर संस्थानात मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम निघाला. त्यामुळे जुन्या पिढीतलं कुणी २६ जुलैला दसरा चौकात हार घालताना दिसलं, तर ते चुकलेत असं धरू नये. २६ जुलै कारगिल विजय दिनही आहे आणि २००५ च्या मुंबईच्या महापुराचाही. या तिघांत धागा शोधायला जाऊ नका, तो नाही.

असे योग दिसतात तेवढे दुर्मिळ नसतात. वर्गात २३ मुलं असली की कुठल्या तरी दोघांचा वाढदिवस एक असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त, ४० असली तर जवळपास ८९ टक्के. कारण ४० मुलांच्या ७८० जोड्या होतात. इतिहासात तर घटना हजारोंनी आणि दिवस ३६६.

स्वतःची तिथी तारखेशी कधी जुळते बघायचं असेल तर १९ वर्षांनी बघा. १९ वर्षं आणि २३५ चांद्रमास यांत दोन-सव्वादोन तासांचाच फरक असतो. १९व्या, ३८व्या आणि ५७व्या वाढदिवसाला तारीख आणि तिथी एकत्र येतात, फार तर एक दिवस इकडेतिकडे; क्वचित अधिक महिना आडवा आला तर महिन्याचा फरक पडतो. २०२५ चा दसरा २ ऑक्टोबरला, गांधी जयंतीच्या दिवशी आला. दसरा चौकात सोनं लुटलं, दारूची दुकानं बंद, आणि दोन सुट्यांची एकच झाली. १९ वर्षं मागची दिनदर्शिका कुणी ठेवली असेल तर उघडून बघा: २००६ चा दसराही २ ऑक्टोबरलाच आहे.